ना शहाणं, ना खुळं

रब्बींच्या हातातली चांदीची दांडी थांबली आणि दारात उभी असलेली धाकटी सून टाचा उंचावून बघायला लागली.

सकाळपासून ती निमुळती दांडी ओळीमागून ओळ सरकत होती. तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, हाताने लिहिलेल्या गुंडाळीला उघड्या हाताने शिवायचं नसतं, म्हणून ही दांडी. आबांच्या लिहिण्याच्या खोलीत लांबलचक मेजावर गुंडाळी उलगडून ठेवलेली, मेजाच्या एका टोकाला परगावाहून तपासायला आलेले धर्मगुरू, म्हणजे रब्बी, दुसऱ्या टोकाला ती लिहिणारे आबा, आणि दारात घरच्या बायका. रब्बी हा माणूस आवाज न चढवणारा, पण नजर अशी की भिंतीचा पोपडासुद्धा घाबरून सुटावा. दुपारी गुंडाळी वाजतगाजत सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेच्या जागी, न्यायची होती. तपासणी म्हणजे आता नुसता उपचार उरला आहे, असं सगळे धरून चालले होते. आबांनी ती आधी दोनदा तपासली होती. पण आपल्या हाताची चूक आपल्या डोळ्याला कुठली दिसायला!

"आबासाहेब, जरा इकडे या," रब्बी म्हणाले.

आबा उठले, वाकले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी अगदी नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं, आणि सरळ झाले तेव्हा त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता.

चूक एवढीशी होती. हिब्रूत योद नावाचं अक्षर असतं, सगळ्यांत लहान, वरच्या बाजूला लोंबणारा एक ठिपका म्हणा ना. त्याचा पाय खाली लांबवला की त्याचं वाव होतं, म्हणजे निराळंच अक्षर. इथे योदचा पाय उगीच लांबला होता. वाव म्हणावं तर आखूड, योद म्हणावं तर लांब. दुसरीकडे कुठे असतं तर धारदार पात्याने खरवडून पुन्हा लिहिता आलं असतं. पण हे योद परमेश्वराच्या नावातलं पहिलं अक्षर होतं. ते नाव एकदा लिहिलं की खरवडत नाहीत, पुसत नाहीत. अक्षर बाद म्हणजे अख्खं पान बाद. शिवण उसवायची, पान काढून मातीत पुरायचं आणि तिथे नवं लिहायचं.

"मी गेल्या वर्षीच म्हणालो होतो," थोरले भाऊजी म्हणाले. हे आबांचे मोठे चिरंजीव, छापखान्याचे मालक. "आबा, हात थरथरतो तुमचा. मी बोललो की वाईट होतो."

ते खोटं नव्हतं. धाकटीची भिंगरी पाळण्यात होती तेव्हा आबांनी ही गुंडाळी लिहायला घेतली, गेलेल्या सासूबाईंच्या नावाने. मध्ये डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मग खांदा धरला. तरी रोज सकाळी अंघोळ करून, पिसाची लेखणी तासून, म्हातारा मेजाशी हजर. धाकटी या घरात आली तेव्हापासून तिने सासऱ्यांना दुसऱ्या कशासाठी इतकं जिवाला लावून घेताना पाहिलं नव्हतं.

आबा हळूच म्हणाले, "नवं पान माझ्या हातून आता होणार नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या. माझी लेखणी मी आज ठेवली."

खालून अंगणातून सनई जुळवल्याचा आवाज येत होता. बाहेरगावची माणसं यायला लागली होती. सिनेगॉगच्या पायऱ्या धुऊन झाल्या होत्या. थोरल्या जाऊबाईंनी गुंडाळीसाठी मखमलीचं आवरण भरलं होतं, जरीची डाळिंबं आणि द्राक्षांचे वेल, त्यात दोन हिवाळे गेले होते. ते आवरण छातीशी धरून त्या उभ्या होत्या आणि त्यांना ते ठेवायचं कुठे हेच सुचत नव्हतं.

"थांबा. इतक्यात ठेवू नका," रब्बी म्हणाले. "मी बाद म्हटलेलं नाही. मला शंका आहे एवढंच. आणि अशा शंकेला एक उपाय आहे."

उपाय ऐकून धाकटीला आधी हसू आलं. मोठ्यांचा वाद पडला तर लहान मुलाला विचारायचं. अक्षर दाखवायचं, त्याच्या पुढची अक्षरं कागदाने झाकायची आणि विचारायचं, हे काय आहे? मूल योद म्हणालं तर योद, वाव म्हणालं तर वाव. त्यावर अपील नाही. मात्र मूल कसं हवं, तर रब्बींनी बोटांवर मोजून सांगितलं: अक्षरं ओळखणारं हवं, पण वाचता येणारं नको. वाचता येणारं मूल मागच्यापुढच्या शब्दांवरून ताडतं, त्याचा डोळा अक्षरावर राहत नाही. म्हणजे शहाणं नको आणि खुळंही नको.

आता आली का पंचाईत! त्या खोलीत आया कमी नव्हत्या. मैत्रिणी आलेल्या, शेजारणी आलेल्या, आणि आपलं पोर मध्यम आहे असं कबूल करणारी आई अजून कुठे जन्माला यायची आहे. एक म्हणाली, आमचा तर कधीच वाचायला लागला. दुसरी म्हणाली, आमची तर अर्थसुद्धा सांगते. थोरलीला बोलायची गरजच नव्हती. तिच्या लेकीला सगळं गाव मास्तरीणबाई म्हणत असे, कारण ती मोठ्यांच्याही चुका काढायची. मग आबांकडे लक्ष गेलं तशी एकेक आई खाली बघत पुटपुटायला लागली, की तसा आमचा अजून अडखळतो हो, तशी आमची फारशी काही हुशार नाही. मघाशी आभाळाला भिडलेली पोरं भराभर जमिनीवर उतरली. एरवी धाकटी पोट धरून हसली असती.

शेजारणीचा मुलगा पहिला आणला. तो दारातच थांबला, रब्बींकडे पाहिलं आणि घडाघडा म्हणाला, "योद."

रब्बींनी अजून कागदही सरकवला नव्हता.

दुसरं मूल आलं. त्याने उंबऱ्यातूनच योद म्हणून हात पुढे केला. त्याच्या गालात गोळी होती. रब्बींनी दांडी खाली ठेवली आणि गोळी कोणी दिली असं गोड आवाजात विचारलं.

गोळी आत्याबाईंनी दिली होती. आत्याबाई म्हणजे आबांची थोरली बहीण. मन सोन्यासारखं, पण धीर नावालाही नाही. मूल हा शब्द कानावर पडल्याबरोबर त्या दाराआडून सटकल्या होत्या आणि अंगणातल्या यच्चयावत पोरांना गोळा करून त्यांनी शिकवणी घेतली होती. आत कोणी काहीही दाखवलं तरी योद म्हणायचं, म्हणेल त्याला आणखी एक गोळी. पाहुण्यांची पोरंसुद्धा सोडली नव्हती.

"मग काय चुकलं माझं?" आत्याबाई म्हणाल्या. "योदच आहे ते. माझा भाऊ काय वाव लिहील होय तिथे?"

"आत्या, तू आख्खं अंगण बाद केलंस," भाऊजी म्हणाले आणि खुर्चीत बसले. खरं तर गुंडाळी थांबली तर त्यांना बरंच वाटेल असं धाकटीला सकाळपासून वाटत होतं. म्हातारा लेखणी ठेवेल, यांची काळजी मिटेल. पण आता त्यांचा चेहरा बघून तिला आपल्या वाटण्याची लाज वाटली. बापाला थांबवायचं होतं, पण असं तोंडावर आपटून नव्हे.

आत्याबाईंच्या लक्षात आलं तशा त्या मटकन जमिनीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आबा उठून त्यांच्यापाशी गेले, असू दे गं, असू दे, म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ज्याचं गेलं होतं तोच समजूत काढत होता.

तेवढ्यात मास्तरीणबाई बोललीच. "भिंगरी नव्हती अंगणात. ती काकांबरोबर सिनेगॉगमध्ये होती. गाणं बसवत होते."

सगळ्या माना धाकटीकडे वळल्या. भिंगरी तिचीच लेक, आणि काका म्हणजे धाकटीचा नवरा, सिनेगॉगचा गवई. प्रार्थना त्याच्या गळ्यातून निघाली की बाहेर रस्त्यावरचे हमालसुद्धा ओझं टेकून थांबत. तो आत्ताच वाजंत्री आल्याचं सांगायला वर आला होता आणि भिंगरीला खाली ढोलवाल्यांपाशी ठेवून आला होता. तिला कोणी गोळी दिली नव्हती, की काही शिकवलं नव्हतं.

"वय?" रब्बींनी विचारलं.

"सात," गवई म्हणाला.

रब्बींच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि थोरलीने तो लगेच विझवला. तिच्या मनात वाईट नव्हतं, जे होतं ते ती बोलली. "पण ती तर वाचते. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर वाचलं की तिने, चालीसकट."

"वाचते तर काय," गवई म्हणाला. त्याला राहवलं नाही, बाप होता. "एक सूर हलत नाही तिचा."

"मग नाही चालायची," रब्बी म्हणाले.

आबांनी मान हलवली आणि ते गुंडाळीचे दांडे धरून ती मिटायला लागले.

या खोलीत एकट्या धाकटीला खरं माहीत होतं. भिंगरीला वाचता येत नव्हतं. बाप पहाटे गाऊन सराव करायचा आणि ही अंथरुणात पडल्या पडल्या सगळं उचलायची, शब्द, सूर, हेलकावे, सगळं. गेल्या वर्षी पुस्तक समोर धरून तिने ते गाऊन दाखवलं आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. तिचे डोळे पुस्तकावर नव्हतेच, ते बापाच्या ओठांवर होते. धाकटीने ते पाहिलं होतं. घरी आल्यावर सांगायला हवं होतं. पण थोरली त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली होती, हिच्यापुढे आमची फिकी पडली हो. इतकी वर्षं मास्तरीणबाईंचे पाढे ऐकून कान किटलेली धाकटी ते वाक्य सोडायला तयार झाली नाही. उलट तिने वर दोन शेर भर घातली. अहो, ती तर केव्हाची वाचते. बोलून गेली ती गेलीच, मग मागे फिरायची वाटच राहिली नाही.

आता बोलावं तर सगळ्या जगासमोर लेकीचं नाक कापायचं, आपलं कापायचं आणि नवऱ्याचंही, जो बिचारा खरंच मानून चालला होता. आणि गप्प बसावं तर पुढ्यात आबा गुंडाळी मिटत होते, एकेक वळसा, अगदी सावकाश.

"तिला वाचता येत नाही," धाकटी म्हणाली.

गवई तिच्याकडे बघतच राहिला.

मग तिने सगळं सांगितलं, एका दमात, थांबले तर परत बोलवणार नाही म्हणून. एकेक अक्षर सुटं दाखवलं तर भिंगरी ओळखते. जोडायला गेली की घोडं अडतं. बाकी सगळं ऐकून ऐकून. मीच सांगत सुटले वाचते म्हणून. मीच.

रब्बींनी जे विचारलं ते तिला एखाद्या थपडेसारखं लागलं. "बाई, तेव्हा खोटं सांगितलंत की आत्ता सांगताय? आज तुम्हाला तसं मूल हवं आहे. मी कसा विश्वास ठेवू?"

खोटं गिळलं होतं सगळ्यांनी घटाघटा, खरं मात्र कोणाच्या घशाखाली उतरेना.

"पोरीला बोलवा. आधी पुस्तक देतो, मग अक्षर," रब्बी म्हणाले. "आणि कोणी तिच्याशी बोलायचं नाही."

भिंगरी आली ती ढोलाच्या ठेक्यावर उड्या मारतच. खोलीतली माणसं बघून तिच्या उड्या थांबल्या. रब्बींनी प्रार्थनेचं पुस्तक मधूनच कुठेतरी उघडलं, जे सिनेगॉगमध्ये कधी गायलं जात नाही असं पान, आणि वाच म्हणाले. भिंगरीने पुस्तक धरलं. एकदा आईकडे पाहिलं. धाकटीचा हात पुढे होऊ पाहत होता, तो तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

पोरीने थोडा वेळ अक्षरांवर डोळे फिरवले. एक अक्षर म्हणाली, दुसरं म्हणाली, तिसऱ्यापाशी अडली. मग तिने डोळे मिटले, गळा मोकळा केला आणि गायला लागली, स्वच्छ, सुरात, बापाच्या सगळ्या हरकतींसकट. गात होती ते त्या पानावर नव्हतंच. ते भलतंच होतं, गेल्या वर्षी टाळ्या मिळालेलं. वाचून दाखव म्हटल्यावर तिला तेवढं एकच माहीत होतं.

गवयाने तोंड फिरवलं. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. रब्बींनी पोरीचं गाणं मध्ये तोडलं नाही. ती थांबली तेव्हा सुरेख, म्हणाले आणि पुस्तक हळूच काढून घेतलं. मग आबांनी मिटलेली गुंडाळी पुन्हा त्या जागेपर्यंत उलगडली.

रब्बींनी पुढची अक्षरं कागदाने झाकली, दांडी टेकवली आणि हे कुठलं म्हणून विचारलं.

भिंगरीने सवयीने आईकडे पाहिलं. धाकटीने झटकन तोंड भिंतीकडे केलं. आपल्या भुवईचा एक केस हलला तरी पोर तो वाचेल, ही एकच गोष्ट तिला नीट वाचता येते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवर चुन्याचा एक फुगवटा होता, त्याच्यावर तिने डोळे रोवले. मागे आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. आबांचा येतच नव्हता. भिंगरी मेजावर वाकल्याचा, टाचा उचलल्याचा आवाज झाला. किती वेळ झाला कोण जाणे. पोर काही बोलेना. वाव म्हणाली तर, धाकटीच्या मनात आलं, तर जन्मभर हिच्या कपाळी ते राहील, आजोबांचं पान हिने पुरलं म्हणून. मी माझ्या तोंडाने तिला इथे उभी केली.

"योद," भिंगरी म्हणाली.

"नक्की?" रब्बींनी विचारलं.

"हो. पाय जरा जास्त लांब काढलाय. पण योदच आहे."

आबांच्या तोंडून पहिल्यांदा काय निघालं असेल तर हसू. ते हसायला लागले आणि हसता हसता मेजाला धरून रडायला लागले. रब्बींनी दांडी ठेवली आणि मोठ्यांदा, पहिल्यांदाच मोठ्यांदा, गुंडाळी निर्दोष असल्याचं सांगितलं. मग काय विचारता! आत्याबाई उठून नाचल्या, सांधेदुखी गेली कुठल्या कुठे. भाऊजींनी खिडकी उघडून खाली वाजंत्र्यांना हात केला आणि सनई जी सुटली ती थांबेचना. शेवटची काही अक्षरं आबांनी रिवाजाप्रमाणे नुसती बाह्यरेषेत ठेवली होती. घरच्यांनी एकेकाने लेखणीला हात लावून ती भरायची होती. भाऊजींची पाळी आली तेव्हा छापखानेवाल्याचा हात बापाच्या हातापेक्षा जास्त थरथरत होता. आबा त्यांच्या कानात म्हणाले, श्वास सोडताना लिही रे, घेताना नको. भाऊजी बरं म्हणाले. लेखणी ठेवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आबांनीही नाही.

गवई धाकटीजवळ आला. ती खाली बघत राहिली.

"मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तुम्हालाच सांगवेना."

खालून त्याच्या नावाने हाका येत होत्या. पुढचं रात्री बोलू, असं काहीसं म्हणून तो गेला. मात्र जाताना भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून गेला, आणि तेवढ्याने धाकटीला हायसं वाटलं.

थोरली गुंडाळीला आवरण चढवत होती. मखमल बरोबर बसली होती. तिने धाकटीला एक टोक धरायला लावलं, नाडी बांधली आणि वर न बघता म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी शिकवलं नसतं का तिला? आमच्या मास्तरीणबाईने मारूनमुटकून शिकवलं असतं." यात टोमणा किती आणि माया किती हे धाकटीला कळेना. तिने दोन्ही घेतलं.

मिरवणूक निघाली. चार काठ्यांवर ताणलेलं रेशमी छत, छताखाली आबा, आणि आबांच्या मिठीत गुंडाळी, नव्या नवरीसारखी नटलेली. पुढे गवई गात होता, मागे ढोल, बाजूने टाळ्या. वळणावळणावर लोक आबांना म्हणत होते, द्या आमच्याकडे थोडा वेळ. आबा द्यायचे आणि दोन पावलांत परत मागून घ्यायचे. धाकटी गर्दीच्या कडेने भिंगरीचा हात धरून चालत होती. पोर उड्या मारत नव्हती. सगळ्यांसमोर तिची फजिती झाली होती, आणि ती सात वर्षांची असली तरी खुळी नव्हती.

"आई," भिंगरीने हात ओढला. ढोलामुळे धाकटीला वाकावं लागलं. "मला वाचता येत नाही हे आता सगळ्यांना कळलं ना?"

"हो गं बाळा. कळलं."

"मोठ्या काकूला पण?"

"तिलाही."

भिंगरीने थोडा विचार केला. मग तिचा चेहरा असा उजळला की धाकटी चालायची थांबली, आणि मागचे लोक त्यांच्यावर येऊन आदळले.

"मग मी आता लहान मुलांच्या वर्गात बसू?" भिंगरी म्हणाली. "ते अक्षरं जोडायला शिकवतात तिथे. मला खूप दिवसांपासून बसायचं होतं. पण तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना मला येतं म्हणून, मग मी कशी बसणार?"

धाकटीने तिला तिथेच, भर रस्त्यात, दोन्ही हातांनी उचललं. पोर आता उचलण्याएवढी लहान राहिली नव्हती. पुढे छत सिनेगॉगच्या पायऱ्यांपाशी पोचलं होतं, गवयाने वरचा सूर लावला होता, आणि भिंगरीने आईच्या गळ्यात हात टाकून त्याच्यात आपला सूर मिसळला.

"उद्यापासून बस," धाकटी तिच्या कानात म्हणाली. "मीच आणून बसवते."